पटाशीची वंशावळ

तलवारींना आपल्याकडे नावे आहेत, त्यांचे पोवाडे आहेत, आणि त्यांच्यावरून वादही आहेत. सुताराच्या पटाशीला यांतले काहीच नाही. खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू आणि झेंडूची दोन फुले पडतात, दसरा उलटला की ती पुन्हा पिशवीत जाते. वास्तविक दोघींचे माहेर एकच, लोहाराची ऐरण. आणि घराण्याच्या जुनेपणाचा प्रश्न निघाला, तर पटाशीला मान खाली घालण्याचे कारण नाही.

नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी आणि नैकुंड येथील शिळावर्तुळे 1970 च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनित केली. विदर्भातल्या या दफनांत शस्त्रांबरोबर कुऱ्हाडी, छिन्न्या आणि वाकसही निघाले. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची मातीची भट्टीच सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षांचा. मेलेल्या माणसाच्या सोबतीला छिन्नी देणारे लोक तिला क्षुद्र समजत नसावेत, एवढे अनुमान मी खुशाल करतो.

पण लोखंड म्हणजे पोलाद नव्हे, आणि येथेच सारी गंमत आहे. निव्वळ लोखंड मऊ. त्याला धार लागते, पण टिकत नाही. शंभर भागांत एखादा भाग कर्ब मुरला की त्याचे टणक होऊ शकणारे पोलाद होते. हे पोलाद शतकानुशतके महाग होते. म्हणून हत्याराचे अंग लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी, अशी रीत पडली. दोन्ही तुकडे पांढरेशुभ्र होईपर्यंत तापवावयाचे, मध्ये टाकणखार भुरभुरावयाचा आणि घणाखाली एकजीव करावयाचे. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातही हीच रीत होती. तेव्हा आपल्या खेड्यातला लोहार कुऱ्हाडीला पोलाद भरी, ते केवळ दारिद्र्यापोटी, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाड्या’त बलुतेदारांचा संसार मांडला आहे. त्यात सुतार आणि लोहार हे शेजारी. सुताराने लोहाराच्या घणाला दांडा बसवावा, लोहाराने सुताराच्या वाकसाला पाणी द्यावे. ते पाणी कमी-जास्त झाले, की सुताराचा दिवस धार लावण्यातच जाई. बलुत्याचे धान्य वर्षाने मिळे. धारेचा हिशेब मात्र रोजचा होता.

तलवार आणि पटाशी यांची गाठ पडल्याचे एक ठळक उदाहरण जपानातले आहे. 1876 साली तेथील सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि तलवारी घडवणाऱ्यांचा धंदाच बसला. काहींनी सुऱ्या केल्या, काही सुतारांच्या हत्यारांकडे वळले. अशा एका घराण्यातले चियोझुरु कोरेहिदे (1874–1957) रंध्याच्या पात्यांसाठी इतके नावाजले, की त्यांची पाती आज लोक जपून ठेवतात. तेथेही रीत तीच: धार पोलादाची, पाठ मऊ लोखंडाची. पाठीसाठी जहाजांच्या जुन्या साखळ्यांचे लोखंड तिकडच्या लोहारांना फार प्रिय!

मोडीतून हत्यार करण्याची ही विद्या आपल्याकडेही बहरली, पण तिला कारण घडले शेफिल्ड. तेथे 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवले. (दक्षिण हिंदुस्थानात मुशीतले पोलाद त्याच्या कित्येक शतके आधीपासून होत होते, असो.) पुढे 1856 मध्ये बेसेमरची रीत आली आणि पोलाद स्वस्त झाले. विलायती कानशी खेडोपाडी आल्या. 1912 पासून जमशेदपूरलाही पोलाद निघू लागले. मग लॉऱ्या आल्या, आणि त्यांच्या कमानींचे तुटके पाटे लोहाराच्या दारात पडले. झिजलेली कानस फेकून द्यायची वस्तू नाही, ती पटाशीचा कच्चा माल आहे, हे कोणा पुस्तकाने शिकवले नाही.

मी परसात अशा दोन पटाश्या घडवल्या आहेत. भाता म्हणून सूनबाईंचे केस वाळवण्याचे यंत्र घेतले. त्यावर घरात झालेले भाष्य येथे देत नाही. कानस लाल करून रात्रभर राखेत पुरली, की ती नरम पडते. मग तिचे दात घासून काढावे लागतात, नाहीतर घणाखाली ते दुमडून आत जातात आणि तेथे चीर पडते. ठोकायचे ते लाली असेपर्यंतच. आकार आला, की पुन्हा तापवायचे. लोहचुंबक चिकटेनासा झाला, की धार तेलात बुडवायची. आता ती कानशीला दाद देत नाही, पण काचेसारखी फुटेल. म्हणून पाणी उतरवायचे: धार घासून चकचकीत करायची आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यायची. रंग सरकत येतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा धारेशी पोचला की थांबायचे. तेव्हा उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास असते. निळ्यावर गेलात, तर कमानीचा गुण आला, पटाशीचा गेला!

लोहाराचे दुकान अंधारे का, हे मला तेव्हा उमगले. उन्हात लाली दिसत नाही. आपण त्या काळोखाला गरिबी समजत आलो.

आमच्या गावच्या सुताराकडे त्याच्या आजोबांनी घडवलेली एक पटाशी आहे. मानेपाशी कानशीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. कारखान्याचा छाप मात्र घणाखाली केव्हाच गेला. दांडा बाभळीचा, तिसऱ्यांदा बदललेला. पाते मूळचे निम्मे उरले आहे, आणि चौकटीची खाच तो अजून तिनेच करतो.