बलून-उड्डाणाच्या एका पदकावरील लेख

मोंगोल्फिए बंधूंच्या सन्मानार्थ निकोला-मारी गातो या फ्रेंच पदककाराने १७८३ साली घडविलेल्या पदकावर दोघा भावांच्या एकाआड एक अशा मुखाकृती असून, वायू नौकानयनास योग्य केल्याबद्दल हा गौरव, अशा आशयाचा लेख आहे. उष्ण हवेच्या बलूनच्या इतिहासात हे पदक पुरावा म्हणून पुढे केले जाते. तो पुरावा आहे खरा, पण कशाचा?

२१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसहून प्रथम मुक्त उड्डाण केले ते पिलात्र द रोझिए व मार्की दार्लांद यांनी. पदकावर मुखे आहेत ती निर्मात्यांची. त्यांपैकी एतिएनने मुक्त उड्डाण कधी केलेच नाही. जोसेफ पुढे जानेवारी १७८४ मध्ये लिआँ येथे एकदा चढला. शिवाय नौकानयन म्हणावे तर सुकाणू हवे, आणि बलून जाते वाऱ्याबरोबर. निघाल्या ठिकाणी परत येणारे ‘ला फ्रान्स’ हे वायुयान १८८४ साली उडाले. म्हणजे लेखातील दावा शंभर वर्षे आधीच धातूवर उमटला होता. पदकाने नोंदविली ती घटना नव्हे, समकालीनांची अपेक्षा.

मराठी नाण्यांच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. त्याच सुमारास मराठ्यांच्या टांकसाळींतून पडणाऱ्या बहुतेक रुपयांवर बादशहा शाह आलमचे नाव फारसीत असे. त्यावरून दख्खनेत बादशहाची सत्ता होती असे अनुमान कोणी काढीत नाही. पदकाच्या बाबतीत मात्र हीच सावधगिरी सुटते.

याला काही अंशी आपला शब्दही कारण असावा. ‘पदक’ म्हणजे मुळात गळ्यातील माळेला लोंबणारा दागिना. तो अंगावर घालावयाचा, आणि घालणाऱ्याच्या पराक्रमाची खूण ठरावयाचा. गातोचे पदक घालण्यासाठी नव्हते, संग्रहात जपून ठेवण्यासाठी होते. त्यास ‘स्मारकमुद्रा’ म्हणणे अधिक नेमके. त्या शब्दाने निदान लेखाकडे लक्ष जाते, कारण मुद्रा ही वाचण्याची वस्तू होय.

२६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया यांनी मुंबईहून उष्ण हवेच्या बलूनमधून २१,०२७ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. त्याची साक्ष उपकरणांनी दिली. बलून मात्र उतरले ते नाशिक जिल्ह्यात, सिन्नरच्या परिसरात. वारा तिकडचा होता.