वाढत्या पिल्लाचे अधूनमधून लंगडणे

झोपेतून उठताना पाय उचलून धरणारे पिल्लू तासाभरात घरभर धावू लागते. दोन दिवस काहीच जाणवत नाही आणि तिसऱ्या दिवशी खेळून विसावल्यानंतर ते पुन्हा लंगडते. चार महिने ते एक वर्ष या वयात, विशेषतः लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर व ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांमध्ये, असा प्रकार नेहमी आढळतो. लंगडणे हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. ते येते-जाते म्हणून किरकोळ समजणे चूक, तसेच हाडे कच्ची असल्याचा तर्क करून घरच्या घरी कॅल्शियमचे औषध सुरू करणेही चूक. यातील दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यामुळे उपचार केल्याचे समाधान मिळते आणि खरे निदान लांबणीवर पडते.

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढपट्टी असते. हाडाची लांबी तेथूनच वाढते. ही पट्टी हाडापेक्षा मऊ असल्याने पलंगावरून उडी, जिन्यावरून घसरणे किंवा दाराच्या फटीत पाय अडकणे एवढ्यानेही तिला इजा होऊ शकते. पुढच्या पायातील दोन समांतर हाडांपैकी एकाची वाढ अशा इजेने थांबली, तर दुसरे वाढत राहते आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. म्हणूनच पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पाय वेडावाकडा दिसू लागल्यास ती तातडीची बाब समजावी.

कारणांपैकी सर्वांत सौम्य कारण पॅनोस्टायटिस होय. यात लांब हाडांच्या आतील पोकळीत दाह होतो. आज पुढचा डावा पाय दुखतो, तर काही आठवड्यांनी मागचा उजवा. दुखणे असे पाय बदलत फिरते. जर्मन शेफर्डमध्ये ते अधिक दिसते, साधारणतः पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान उद्भवते आणि वाढ पूर्ण होता होता आपोआप थांबते. मात्र पाय बदलत लंगडणे म्हणजे पॅनोस्टायटिसच, असे गृहीत धरता येत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियोसिससारख्या तापातही सांधे दुखतात. भारतात गोचिडांचा उपद्रव मोठा असल्याने रक्ततपासणीचा विचार टाळू नये.

एकच पाय वारंवार दुखत असेल तर शंका सांध्याकडे वळते. पुढच्या पायात कोपराचा सांधा नीट न जुळणे आणि मागच्या पायात खुब्याचा सांधा सैल राहणे, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, हे मोठ्या जातींचे आनुवंशिक दोष आहेत. श्वानांमधील खुब्याच्या या दोषाची पहिली नोंद १९३५ साली अमेरिकेत झाली. असे पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय सशाप्रमाणे एकदम उचलते आणि उठताना कुरकुरते. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत चित्र वेगळे असते. चालता चालता दोन-तीन पावले मागचा पाय हवेत धरून पिल्लू पुन्हा सरळ चालू लागले, तर गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असण्याची शक्यता अधिक.

कॅल्शियमविषयी गैरसमज फार आहेत. नको असलेले कॅल्शियम आतड्यातच अडवण्याची क्षमता पिल्लात पहिले काही महिने पूर्ण विकसित झालेली नसते. जेवढे अधिक द्यावे, तेवढे अधिक शोषले जाते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत अतिरिक्त कॅल्शियममुळे सांगाड्याच्या वाढीत विकृती निर्माण झाल्याचे दिसून आले. पिल्लांसाठीचा तयार संतुलित आहार घेणाऱ्या पिल्लाला वरून औषध देणे म्हणूनच अहिताचे ठरते. केवळ मांस, किंवा कोंबडी आणि भात, एवढ्यावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट निराळी. त्याला कॅल्शियम खरोखरच कमी पडते आणि हाडे ठिसूळ होतात. पण त्यावरही उपाय आहार सुधारणे हा आहे. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

वेदनाशामक गोळ्यांचा धोका तर याहून तातडीचा आहे. आयब्युप्रोफेनने श्वानाच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला अपाय करते. गिधाडांच्या ऱ्हासामुळे डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ साली बंदी आली, परंतु माणसांसाठी ते मिळते आणि घरोघरी असते. ते श्वानालाही घातकच आहे. शिवाय वेदना दबल्याने पिल्लू दुखऱ्या पायावर उड्या मारते, ते वेगळेच.

लंगडणे प्रथमच दिसले, पिल्लू खातेपिते आहे आणि पायावर भार देते आहे, अशा वेळी एक-दोन दिवस धावणे, जिना आणि इतर श्वानांशी झोंबाझोंबी बंद ठेवावी. पंजाची बोटे फाकवून काटा, काच, तुटलेले नख किंवा गोचीड आहे का, हे पाहावे. दुखणारे पिल्लू एरवी कितीही लाडके असले तरी चावू शकते. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दवाखान्यात नेल्यावर पिल्लू उत्तेजित होऊन अगदी नीट चालते, हा पालकांचा नेहमीचा अनुभव. यासाठी मोबाइलवर समोरून, मागून आणि बाजूने चालण्याचे चित्रण करून ठेवावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. कोणता पाय, दिवसाची कोणती वेळ, विश्रांतीनंतर की श्रमानंतर, एवढी नोंद तारखेसह असली तरी निदान बरेच सोपे होते.

दोन दिवसांत फरक न पडल्यास किंवा लंगडणे पुन्हा उद्भवल्यास तपासणी करून घ्यावी. पाय मुळीच न टेकणे, सूज, खाणे बंद होणे, १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप किंवा मागचे पाय फरफटणे यांपैकी काहीही असल्यास एक दिवसही थांबू नये. क्ष-किरण चित्रे बहुधा गुंगीचे औषध देऊन आणि तुलनेसाठी दोन्ही पायांची घेतली जातात. मुंबईतील परळ, चेन्नईतील वेपेरी आणि बरेलीजवळील इज्जतनगर येथील पशुवैद्यकीय संस्थांच्या रुग्णालयांत श्वानांवर उपचार होतात.

खुब्याच्या दोषात वयाला विशेष महत्त्व आहे. ओटीपोटाच्या हाडाची वाढ नियंत्रित करून सांधा घट्ट बसवणारी एक लहान शस्त्रक्रिया सुमारे पाच महिन्यांच्या आतच उपयोगी पडते. त्यानंतरचे पर्याय अधिक मोठे आणि खर्चिक असतात. पाचव्या महिन्यात दिसलेले लंगडणे 'मोठे झाल्यावर जाईल' म्हणून वर्षभर सोडून देणाऱ्याच्या हातून हीच संधी निसटते.

शस्त्रक्रियेची गरज नसलेल्या पिल्लांसाठी वजनावर लक्ष ठेवणे हा मुख्य उपचार आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर श्वानांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या श्वानांत सांध्यांचे विकार कमी व उशिरा दिसले आणि त्यांचे मध्यक आयुर्मान ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. गुबगुबीत पिल्लू निरोगी दिसते, पण त्याच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी आणि पंजाखालचे केस व नखे वेळच्या वेळी कापावीत.