मस्जिद बंदरची नावे

मुंबईला गेलेला नागपूरकर आधी गेटवे गाठतो. यंदा मी मस्जिद बंदरचे इंडियन सेलर्स होम पाहिले. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबरही न मिळालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक इथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,४०० जणांची नावे नोंदवहीत आहेत. तीच नोंदवही चितगावलाही आहे, म्हणजे आता बांगलादेशात. त्यात नौदलाचे जेमतेम ४००. बाकी सगळे व्यापारी जहाजांवरचे.

ही माणसे कोण? कोकणातले आणि सिल्हेट-चितगावकडचे मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, इतरही. यातले आगवाले पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरपाशी कोळसा ओढत. टॉर्पेडो इंजिनखोलीवर आदळला की वर येण्याची उसंत क्वचितच मिळे. फातिहा पढायला घरच्यांना कबरही नाही. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या पाव हिश्शाच्या आसपास! १९३९ मध्ये युद्ध पेटताच त्यांनी ब्रिटिश बंदरांत पगारवाढीसाठी संप केले; कित्येकांना तुरुंगात टाकले गेले. १९४६ चा नाविकांचा उठाव आपण वर्गात शिकवतो. त्याच्या सात वर्षे आधीचे हे संप मात्र मुलांना ठाऊक नसतात.