सुभाषितसंग्रह : वैयक्तिक अभिरुचीचे इतिहाससाधन म्हणून मूल्य

प्रस्तावना :

आवडलेली कविता स्वतःपुरती न ठेवता ती इतर रसिकांपर्यंत पोहोचविण्याची वृत्ती प्राचीन आहे. संस्कृत व प्राकृत साहित्यात या वृत्तीतून सुभाषितसंग्रह वा कोशकाव्य हा स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण झाला. वाङ्मयेतिहासात अशा संग्रहांकडे बहुधा दुय्यम रचना म्हणून पाहिले जाते, कारण संग्राहक हा कवी नसून निवड करणारा असतो. परंतु मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर ही निवडच अनेक कवींच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा ठरते. प्रस्तुत लेखात काही प्रमुख संग्रहांच्या आधारे संग्राहकाच्या आवडीचे इतिहाससाधन म्हणून मूल्य व त्या साधनाच्या मर्यादा तपासल्या आहेत.

परंपरेचा आरंभ :

या परंपरेतील अतिप्राचीन व महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ होय. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या या ग्रंथाच्या आरंभीच, कोटी गाथांमधून सातशे निवडल्याचा निर्देश येतो. ‘कोटी’ ही संख्या अर्थातच शब्दशः घ्यावयाची नाही; पण संग्राहकाचे कर्तृत्व निवडीत आहे, ही जाणीव त्यातून स्पष्ट होते. नंतरच्या काळात या संग्रहात भर पडत गेली. त्याच्या विविध पाठपरंपरांत समान असलेल्या गाथा सुमारे ४३० च आहेत. म्हणजे एका व्यक्तीच्या नावावरील संग्रह पुढे अनेक पिढ्यांच्या आवडीचा ग्रंथ बनला.

विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ :

एका संग्राहकाच्या आवडीचा सर्वांत स्पष्ट आलेख ‘सुभाषितरत्नकोशा’त मिळतो. इ. स. ११०० च्या सुमारास उत्तर बंगालमधील जगद्दल विहाराशी संबंधित असलेल्या विद्याकर या बौद्ध पंडिताने तो सिद्ध केला. पहिला संग्रह पूर्ण झाल्यावर त्याने त्यात पुढे भर घातली. विस्तारित ग्रंथात ५० व्रज्या म्हणजे प्रकरणे आणि १७३८ पद्ये आहेत.

संग्रहाचा आरंभ बुद्ध व बोधिसत्त्व यांच्या स्तुतीने होतो. परंतु लगेच शिव, विष्णू व सूर्य यांवरील पद्ये येतात आणि पुढे ऋतुवर्णन व शृंगार यांना फार मोठी जागा दिली आहे. विहाराशी संबंधित पंडिताने केलेली ही निवड धार्मिक निष्ठा व काव्याभिरुची यांच्या सीमा एकच नव्हत्या, हे दाखविते.

कवींच्या पद्यसंख्येवरूनही त्याची आवड कळते. राजशेखराची १०१, मुरारीची ५६ व भवभूतीची ४७ पद्ये त्याने घेतली. त्या मानाने कालिदासाची पद्ये थोडी आहेत. याउलट वल्लण (४२) व योगेश्वर (३२) या पूर्व भारतातील कवींना त्याने दिलेले स्थान लक्षणीय आहे. योगेश्वर व त्याच्या वळणाच्या कवींनी शेत, पाऊस, खेडे व दारिद्र्य यांचे प्रत्यक्ष चित्रण केले. विद्याकराला आपल्या प्रदेशाच्या या कवितेविषयी ममत्व नसते, तर तिचा मोठा भाग आज उपलब्ध नसता.

हा ग्रंथही जवळजवळ नष्ट झाला होता. एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी १९१२ मध्ये नेपाळातील एका अपूर्ण ताडपत्री पोथीवरून ५२५ पद्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पोथी अपूर्ण असल्याने ग्रंथनाम अज्ञात होते. म्हणून संपादकाने त्यास ‘कवीन्द्रवचनसमुच्चय’ असे नाव दिले. पुढे तिबेटातील ङोर मठातील पोथीची छायाचित्रे उपलब्ध झाली. त्या आधारे दामोदर धर्मानंद कोसंबी व वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९५७ मध्ये हार्वर्ड प्राच्यमालेत संपूर्ण ग्रंथ संपादित केला, तेव्हा थॉमस यांचा संग्रह हे विद्याकराच्याच ग्रंथाचे आधीचे रूप असल्याचे सिद्ध झाले. बंगालमध्ये रचलेला, नेपाळ व तिबेटात टिकलेला हा ग्रंथ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या दोन विद्वानांच्या परिश्रमाने अभ्यासकांसमोर आला.

देवगिरीची ‘सूक्तिमुक्तावली’ व अन्य संग्रह :

इ. स. १२०५ मध्ये बंगालमधील श्रीधरदासाने ‘सदुक्तिकर्णामृत’ रचले. प्रत्येक विषयावर पाचच पद्ये, असा त्याचा नियम होता. आवडीला शिस्त लावण्याचा हा प्रयत्न होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे ते ‘सूक्तिमुक्तावली’ला. देवगिरीचा यादव राजा कृष्ण याच्या सेवेतील जल्हण याच्या नावावरील हा संग्रह इ. स. १२५८ च्या सुमाराचा आहे. जल्हणाच्या घराण्याकडे यादवांच्या गजदळाची जबाबदारी होती. लष्करी अधिकाऱ्याच्या घरातही काव्यसंग्रह हा प्रतिष्ठेचा विषय होता, हे यावरून दिसते.

या ग्रंथात पूर्वकवींच्या प्रशंसेची राजशेखराच्या नावावरील पद्ये आली आहेत. त्यांत शीलाभट्टारिका, विकटनितंबा यांसारख्या कवयित्रींचा गौरव आहे. या कवयित्रींचे स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. त्यांची जी पद्ये वाचावयास मिळतात, ती मुख्यतः अशा संग्रहांमुळेच. स्त्रियांच्या संस्कृत काव्यलेखनाचा इतिहास लिहिताना म्हणूनच सुभाषितसंग्रहांना पर्याय नाही. इ. स. १३६३ ची ‘शार्ङ्गधरपद्धती’ याही पुढे जाऊन काव्याबरोबर वृक्षसंगोपनासारखे व्यावहारिक विषय सामावून घेते. हा ग्रंथ १८८८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक पीटर पीटरसन यांनी मुंबई संस्कृत मालेत प्रसिद्ध केला.

साधनाच्या मर्यादा :

तथापि हे साधन सावधपणे वापरावे लागते. पहिली अडचण कर्तृत्वाची आहे. एकच पद्य निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळ्या कवींच्या नावावर आढळते. दुसरी अडचण संदर्भाची आहे. नाटकातील वा महाकाव्यातील पद्य सुटे केल्यावर त्याचा मूळ प्रसंग हरवतो. तिसरी व अधिक मूलभूत अडचण अशी की, संग्राहकाची आवड त्याच्या सामाजिक स्थानापासून अलग नसते. कोसंबींनी आपल्या प्रस्तावनेत संस्कृत काव्याचा संबंध आश्रयदात्या वर्गाच्या जीवनाशी जोडून त्याची कठोर चिकित्सा केली. १९६५ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करणारे डॅनियल इंगॉल्स यांना ही भूमिका मान्य नव्हती; या काव्याचे मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या निकषांवर व्हावे, असे त्यांचे मत होते. हा वाद आजही उपयुक्त आहे. श्रमिकांचे जीवन या संग्रहांत येते, परंतु ते संस्कृत जाणणाऱ्या कवीच्या नजरेतून आणि संग्राहकाच्या पसंतीतून येते, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

१) सुभाषितसंग्रह हे केवळ उताऱ्यांचे संकलन नसून विशिष्ट काळातील व प्रदेशातील अभिरुचीचे दस्तऐवज आहेत.

२) प्रादेशिक कवी व कवयित्री यांच्या रचना टिकण्यात संग्राहकांच्या वैयक्तिक आवडीचा निर्णायक वाटा आहे.

३) जे निवडले गेले नाही, त्याचा बराचसा भाग कायमचा लोपला. म्हणून संग्रहातील उपस्थितीइतकाच अनुपस्थितीचाही विचार इतिहासकाराने करणे आवश्यक आहे.

साहित्याचा अभ्यासक्रम ठरविणे हेही स्वरूपतः संग्राहकाचेच कार्य होय. पुढील पिढीने काय वाचावे, हे ठरविताना काय वगळले जात आहे याचे भान अध्यापकवर्गाने ठेवावे, ही जाणीव विद्याकर व जल्हण यांच्या ग्रंथांच्या अभ्यासातून दृढ होते.