परवानाधारकांचा लिलाव : अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या घाऊक बाजाराची कुळकथा

अमेरिकेत जुन्या मोटारींचे जे घाऊक लिलाव आठवडी बाजाराप्रमाणे ठरलेल्या वारी भरतात, त्यांत बोली लावण्याचा अधिकार केवळ परवानाधारक मोटारविक्रेत्यांना असतो. राज्य सरकारने दिलेला विक्रेत्याचा परवाना आणि त्याआधारे झालेली नोंदणी दाखविल्याखेरीज आत प्रवेश मिळत नाही. ज्याला स्वतःच्या वापरासाठी एखादी गाडी हवी आहे, अशा गृहस्थाला तेथे स्थान नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ढीग शेकडो लोक पाहत असले, तरी बोली परवानाधारक व्यापाऱ्यांचीच चालते, तशातलाच हा प्रकार आहे. मात्र बाजार समितीतील निर्बंधामागे शेतकऱ्याच्या संरक्षणाचा कायदा होता, तर अमेरिकेतील मोटारलिलावाची चौकट व्यापाऱ्यांनी प्रथम स्वतःच्या गरजेतून उभारली.

ही गरज नव्या गाड्यांच्या विक्रीतून निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत नवी गाडी घेणाऱ्या बहुतेकांकडे आधीची एखादी गाडी असे आणि ती देऊन, वरच्या फरकाची रक्कम हप्त्यांनी फेडून नवी गाडी घेण्याची रीत रूढ झाली होती. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी हप्तेबंदी, जुन्या गाडीची अदलाबदल, बंदिस्त टपाची गाडी आणि दरवर्षी निघणारे नवे मॉडेल या चार गोष्टींना मोटारबाजार पालटून टाकणाऱ्या गोष्टी मानले होते. कारखान्याला या अदलाबदलीची झळ थेट लागत नसे. ती विक्रेत्याला लागे. नवी गाडी विकली जावी म्हणून तो ग्राहकाच्या जुन्या गाडीला अवाच्या सवा किंमत देई आणि ती गाडी मग त्याच्या अंगणात भांडवल अडवून उभी राही. काही कारखानदारांनी तर 1930 च्या सुमारास अशा गाड्या मोडीत काढण्यासाठी विक्रेत्यांना पैसे देऊ केले, यावरून साठा केवढा साचला असेल याची कल्पना येते.

साचलेला माल झटपट काढायचा, पण तो आपल्याच गावातल्या ग्राहकासमोर पडत्या भावात विकून स्वतःचा किरकोळ भाव मात्र बिघडू द्यायचा नाही, अशा कात्रीत हा विक्रेता सापडला होता. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे तो माल दुसऱ्या विक्रेत्याला, शक्यतो दुसऱ्या गावच्या विक्रेत्याला, घाऊक भावाने देऊन टाकणे. म्हणून ग्राहकाला दाराबाहेर ठेवण्यामागचा खरा हेतू गाडीचे दोष झाकण्याचा नसून दोन किमतींमधील अंतर राखण्याचा होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. किमतींच्या पुस्तकांचा इतिहासही याला दुजोरा देतो. लॉस एंजेलिस येथील विक्रेते लेस केली यांनी 1926 मध्ये ‘ब्लू बुक’ नावाने जुन्या गाड्यांची दरपुस्तिका काढली. ती व्यापारात इतकी प्रमाण मानली गेली की बँकाही तिच्यावरून कर्जाची रक्कम ठरवू लागल्या, तरीही सामान्य ग्राहकांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती निघायला 1993 साल उजाडावे लागले. तोवर घाऊक भाव हे व्यापाऱ्यांचे आपसातले गुपितच होते.

दुसऱ्या महायुद्धाने या बाजाराला वेगळे वळण दिले. फेब्रुवारी 1942 मध्ये खाजगी मोटारींचे उत्पादन बंद करण्यात आले आणि जुन्या गाड्यांची मागणी एवढी वाढली की 1944 मध्ये सरकारला त्यांच्या कमाल किमती ठरवून द्याव्या लागल्या. युद्ध संपत असताना, 1945 मध्ये, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यातील मॅनहाइम या छोट्या गावी काही भागीदारांनी मिळून विक्रेत्यांसाठी मोटारलिलाव सुरू केला. तेथे पहिल्या दिवशी विकल्या गेल्या त्या अवघ्या तीन गाड्या. पुढे 1968 मध्ये हा व्यवसाय कॉक्स या वृत्तपत्र व प्रसारण व्यवसायातील कंपनीने विकत घेतला आणि गावाचे नाव जगभर पसरलेल्या लिलावगृहांचे नाव झाले.

लिलावाची पद्धत कोऱ्या पाटीवर लिहिली गेली नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात गुरे आणि तंबाखू यांचे लिलाव पूर्वापार चालत आलेले होते आणि बोली पुकारणाऱ्याची ती अखंड, लयबद्ध, अनोळखी कानाला जवळजवळ निरर्थक वाटणारी आकड्यांची गुणगुण तेथूनच मोटारींच्या शेडमध्ये आली. लांबलचक शेडमध्ये समांतर मार्गिका असतात; प्रत्येक मार्गिकेतून गाड्या एकामागोमाग चालवत आणल्या जातात, पुकारणारा उंच चौथऱ्यावर असतो, त्याचे मदतनीस गर्दीतील बोली हेरून त्याला खुणावतात आणि बहुधा मिनिटभराच्या आत सौदा होतो. मालकाच्या किमान अपेक्षेपेक्षा बोली थोडी कमी पडली, तर सौदा सशर्त राहतो आणि मालकाची संमती नंतर घेतली जाते. लिलावगृहाकडे गाड्यांची मालकी नसते. ते दोन्ही बाजूंकडून शुल्क घेते आणि त्याच्या बदल्यात विकणाऱ्याला पैशांची, घेणाऱ्याला मालकीच्या कागदपत्रांची हमी देते. अनोळखी गावच्या माणसाचा धनादेश वटेल की नाही, ही धास्ती नाहीशी करणे हीच लिलावगृहाची खरी सेवा होय. जागा आणि पुकारा या त्यामानाने दुय्यम बाबी आहेत.

मिनिटभरात गाडीची पारख मात्र कशी व्हावी? या अडचणीवर व्यवसायाने काढलेला तोडगा म्हणजे चौथऱ्यावरील रंगीत दिवे. हिरवा दिवा लागला, तर गाडी यांत्रिकदृष्ट्या ठीक असल्याची हमी समजली जाते. पिवळा दिवा म्हणजे पुकाऱ्यात सांगितलेले दोष वगळून हमी. लाल दिवा म्हणजे आहे त्या स्थितीत विक्री. आणि निळा दिवा म्हणजे मालकीचे प्रमाणपत्र अजून हाती आलेले नाही. दिव्याने दिलेला शब्द खोटा ठरला, तर घेणारा ठरलेल्या मुदतीत लवादाकडे जाऊ शकतो, म्हणजे लिलावगृहानेच नेमलेल्या पंचाकडे. लिलावगृहांची राष्ट्रीय संघटना 1948 मध्ये स्थापन झाली आणि दिव्यांचे अर्थ व लवादाचे नियम देशभर सारखे करण्याचे काम तिच्याकडे आले. बाजारात वाईट माल चांगल्या मालाला कसा हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडले व त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. व्यापाऱ्यांनी त्याच दुखण्यावर आपल्यापुरता उपाय दिव्यांच्या आणि लवादाच्या रूपाने शोधला होता. तो पुरेसा नव्हता, हेही खरे. धावलेल्या मैलांचा आकडा मागे फिरविण्याची लबाडी इतकी बोकाळली होती की तिला आळा घालण्यासाठी 1972 मध्ये आणि पुन्हा 1986 मध्ये संसदेला कायदे करावे लागले.

भारतात ही पद्धत उशिरा आणि पडद्यावरूनच आली. पुण्या-मुंबईतील मालक आपली गाडी एखाद्या ऑनलाइन कंपनीला दाखवतो, तेव्हा त्याला सांगितला जाणारा भाव पुष्कळदा मोबाइलवर बोली लावणाऱ्या विक्रेत्यांच्या चढाओढीतून ठरलेला असतो, आणि त्या बोलीत त्याला स्वतःला किंवा गाडी शेवटी वापरणाऱ्याला शिरकाव नसतो. येथे अमेरिकेतील निळ्या दिव्याची अडचण अधिक बिकट रूपात होती, कारण सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी हातोहात फिरे, आरटीओच्या नोंदीत मात्र जुन्याच मालकाचे नाव राही आणि दंड किंवा अपघाताचे झेंगट त्याच्या गळ्यात पडे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून 1 एप्रिल 2023 पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणी लागू केली. गाडी ताब्यात दिल्याची रीतसर सूचना आरटीओकडे गेल्यावर विक्रेताच तिचा मालक मानला जातो आणि गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते.