काटकसरीचें इंजिन

इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यांनीं १८९१ च्या सुमारास पिस्टनखालील क्रँककेसलाच पंप बनविलें आणि टू-स्ट्रोक इंजिन विलक्षण सुटसुटीत झालें. व्हॉल्व्ह गेले, परंतु तेल सांठविण्याची जागाही गेली. क्रँकशाफ्टचीं बेअरिंगें पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाच्या तुषारांवर जगूं लागलीं.

हेंच इंजिन पुढें मराठी मध्यमवर्गाच्या दारांत आलें. १९७२ मधील चेतक स्कूटरसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. औरंगाबादजवळ, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, वाळूज येथें बजाज ऑटोच्या कारखान्याची कोनशिला १९ जानेवारी १९८४ रोजीं बसली व १९८५ मध्यें उत्पादन सुरू झालें. नवी गाडी दुर्मिळ, म्हणून जुनी जगविणें भाग होतें.

क्रँकशाफ्टच्या कडेचें ऑइल सील झिजलें कीं बाहेरची हवा आंत शिरे, पेट्रोलाचें मिश्रण विरळ होई आणि पिस्टन तापे. लिटरमागें २० मिलिलिटर तेल वांचविणारा गृहस्थ तर बेअरिंगच गमावून बसे! दुरुस्ती नाजूक असे. क्रँकशाफ्ट तुकड्यांचा, पिन दाबून जोडलेला. नवा कनेक्टिंग रॉड घालतांना दोन्ही चकत्या एका रेषेंत न आल्यास नवें बेअरिंगही लवकरच घरघरूं लागे. उतावळा मेकॅनिक बेअरिंग ठोकून बसवी आणि ॲल्युमिनियमचें घर बिघडवी. जाणता कारागीर क्रँककेस तापवून तें अलगद उतरवी. घर सैलच झालें असल्यास तें लेथवर मोठें करून आंत बुश बसवावा लागे.

चार-स्ट्रोक इंजिनानें तेलाला त्याची जागा परत दिली.