हलक्या प्याल्याची कुळकथा

प्याल्यात ओतलेली हलकी पेल एल प्रथम डोळ्यांनी पाहावी. नव्या मधासारखा तिचा रंग, वर पांढऱ्या फेसाचा थर. आणि प्याला नाकाजवळ नेताच हॉप्सच्या फुलांचा, संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा दरवळ. पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याची गोडी लागते, मागाहून जिभेच्या मुळाशी सौम्य कडवटपणा उतरतो आणि तोंड स्वच्छ होते. मद्यार्काचे प्रमाण शेकडा चारच्या आसपास. इंग्रजीत अशा बिअरला 'सेशन' हे विशेषण लावतात; म्हणजे स्नेह्यांच्या दीर्घ बैठकीत, गप्पांचा धागा तुटू न देता पिता येणारी. हे आजच्या तरुणांचे नवे वेड आहे, असे कुणालाही वाटेल. परंतु इतिहासाची पाने उलटली की या हलक्या प्याल्याचे कूळ फार जुने असल्याचे ध्यानात येते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या चाळिसाव्या प्रकरणात पेयाचा विचार आहे. मठवासीयाने द्राक्षारस वर्ज्य करणे उत्तम, पण ते सर्वांना पटणार नाही हे जाणून त्यांनी दिवसाला 'हेमिना' नावाचे एक माप ठरवून दिले आणि तृप्तीच्या पलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा घातली. जेथे द्राक्षे पिकत नव्हती, त्या उत्तर युरोपात द्राक्षारसाची जागा बिअरने घेतली. बाराव्या शतकात जर्मनीच्या संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्समुळे पेय टिकते, अशी नोंद करून ठेवली आहे. बेल्जियममधील वेस्टमाल येथील ट्रॅपिस्ट मठाने 1836 मध्ये बिअर गाळण्यास प्रारंभ केला. पुढे बाजारासाठी तेथे कडक बिअर तयार होऊ लागली, पण मठवासीयांच्या पंगतीसाठी हलकी बिअर वेगळी गाळली जाई. शेकडा 4.8 मद्यार्काची ही 'एक्स्ट्रा' 2021 मध्ये प्रथमच सर्वांसाठी नियमितपणे विक्रीस आली.

पेल एलचे खरे माहेर मात्र इंग्लंड. पूर्वी मोड आणलेले सातू लाकडाच्या धुरकट आचेवर वाळवीत, त्यामुळे बिअर गडद होई. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक भट्टीत वापरात आला, आच ताब्यात राहू लागली आणि फिकट मॉल्ट मिळू लागले. बर्टन या गावी सन 1002 च्या सुमारास बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला होता. 1539 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात तो विसर्जित झाला; परंतु तेथील विहिरींचे जिप्समयुक्त पाणी राहिले. त्या पाण्यात हॉप्सचा कडवटपणा खुलून येतो, म्हणून पुढे हे गाव पेल एलची राजधानी बनले.

या कथेत आपला देशही येतो. 1784 मध्ये कलकत्त्याच्या गॅझेटमध्ये विलायतेहून आलेल्या पेल एलची जाहिरात छापली गेली आणि तीत ती 'हलकी' असल्याचे आवर्जून सांगितले होते. लंडनच्या हॉजसनची पिंपे केप ऑफ गुड होपला वळसा घालून अनेक महिन्यांनी आपल्या किनाऱ्याला लागत. 1820 नंतर बर्टनच्या ऑलसप आणि बास यांनीही हा व्यापार धरला. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा काळी पोर्टर येई. पेल एल मुख्यतः अधिकाऱ्यांच्या मेजावर असे. आज 'इंडिया पेल एल' म्हणजे कडक बिअर, अशी समजूत आहे. त्या काळच्या मानाने ती मुळीच कडक नव्हती.

इंग्रजांचा प्याला आणखी हलका झाला, तो केवळ सद्गुणामुळे नव्हे. 1880 मध्ये ग्लॅडस्टनने मॉल्टवरील कर काढून तो अर्काच्या दाटपणावर बसवला. बिअर जितकी पातळ, तितका कर कमी. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी व कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून निर्बंध आले. 1915 पासून मद्यगृहांच्या वेळा आखडल्या. युद्ध संपेपर्यंत सर्वसाधारण बिअर शेकडा तीनच्या आसपास आली होती. युद्ध सरले, तरी जुना कडकपणा पुरता परतला नाही.

1972 मध्ये अमेरिकेत 'कॅस्केड' हा हॉप्सचा सुगंधी वाण प्रसारित झाला. 1980 मध्ये कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा या छोट्या उद्योगाने त्याच्या बळावर आपली पेल एल काढली. त्यानंतर कडकपणाची जणू शर्यत लागली आणि दमलेले रसिक पुन्हा हलक्या प्याल्याकडे वळले. 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली' ही छोटी बिअरशाळा सुरू झाली. हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत गेला. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या सैनिकाला त्याचे सोबती 'डूलाली' म्हणत.

वाचकहो, या इतिहासातून घ्यायचे काय? 'हलकी' हा शब्द फसवाही आहे. शेकडा आठची पाव लिटर बिअर आणि शेकडा चारची अर्धा लिटर बिअर यांत मद्यार्क सारखाच, वीस मिलिलिटर. बैठक लांबली आणि चार प्याले झाले, की हलकेपणाचा हिशेब संपला. लग्नाच्या मांडवात 'ही काय, पाणीच आहे' म्हणत भरलेला प्याला आपण पाहिला आहे, आणि त्या प्याल्याचा पुढला प्रवास घरी जागत बसलेल्या माउलीने पाहिला आहे. कर आणि युद्ध यांनी प्याल्यातील मद्य पातळ केले. प्याले मोजण्याचे काम मात्र त्यांना जमले नाही. ते ज्याच्या त्याच्या विवेकावरच होते, आणि आजही ते तेथेच आहे.